पानांवरचा प्रकाशताण फ्लुरोसन्स इमेजिंगने ओळखणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशताण म्हणजे पानाला पचवता येईल त्याहून जास्त उजेड पडल्याने येणारा ताण. उत्तरांमध्ये जिथे नुसतं ‘मायक्रोमोल’ लिहिलं आहे, तिथे दर चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे तितके मायक्रोमोल फोटॉन असा अर्थ घ्यावा. निरभ्र आकाशातलं भर दुपारचं ऊन साधारण २००० मायक्रोमोल असतं. फ्लुरोसन्सला मराठीत प्रतिदीप्ती म्हणतात, काही ठिकाणी अनुस्फुरणही. पण प्रयोगशाळेत सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे.

पानाच्या फ्लुरोसन्स चित्रात नेमकं काय दिसतं?

हरितद्रव्याने शोषलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात. एक, प्रकाशसंश्लेषणाचं रासायनिक काम. दोन, उष्णता. तीन, लालसर उजेड होऊन परत बाहेर पडणं, म्हणजेच फ्लुरोसन्स. ही तिसरी वाट अगदी अरुंद असते, शोषलेल्या प्रकाशातला जेमतेम एक-दोन टक्के भाग तिने जातो. पण पहिल्या दोन वाटांपैकी एखादी बंद झाली किंवा रुंदावली की तिसरीवरची वर्दळ लगेच बदलते, म्हणून ती मोजायची.

हा उजेड साधारण ६५० ते ८०० नॅनोमीटरमध्ये असतो आणि त्याची दोन शिखरं ६८५ आणि ७४० च्या आसपास येतात. तो मुख्यतः फोटोसिस्टिम-२ च्या (प्रकाश पकडून प्रकाशसंश्लेषणाचं काम सुरू करणाऱ्या प्रथिन-रंगद्रव्यांच्या संचाच्या) हरितद्रव्यातून येतो आणि तीव्र प्रकाशाचा पहिला फटकाही तिलाच बसतो. काउत्स्की आणि हिर्श यांनी १९३१ मध्ये नोंदवलं की अंधारातून अचानक उजेडात आणलेल्या पानाची लाल चमक आधी झटकन चढते आणि मग काही मिनिटांत उतरते. आजची सगळी उपकरणं हीच चढ-उतार जास्त शिस्तीने मोजतात. कॅमेरा ती पानाच्या प्रत्येक ठिपक्यावर मोजतो, एवढाच फरक.

म्हणजे जो भाग जास्त चमकतो तो ताणाखाली आहे, असं समजायचं का?

नाही. या विषयातला हा सगळ्यात सर्रास गैरसमज आहे.

रासायनिक काम अडलं की चमक वाढते, हे खरं. पण तीव्र प्रकाशात पान जादा ऊर्जा उष्णता करून फेकायला लागतं, तेव्हा चमक कमी होते. म्हणजे ताणाच्या एकाच प्रसंगात चमक आधी वाढेल, मग घटेल. शिवाय पान जाड असेल, कॅमेऱ्याकडे कललेलं असेल, दिव्याच्या बरोबर खाली असेल, तरीही ते जास्त चमकतं. एकट्या चित्रातून या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. अर्थ लागतो तो दोन-तीन चित्रांच्या गुणोत्तरातून आणि ते गुणोत्तर किती वेळात पूर्ववत होतं यातून. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच मुद्द्यावर येऊन ठेपतात.

एफ-शून्य, एफ-एम, एफ-व्ही ही काय भानगड आहे?

पान अंधारात ठेवलं की फोटोसिस्टिम-२ ची सगळी केंद्रं, म्हणजे शोषलेल्या ऊर्जेचं रासायनिक काम सुरू होतं त्या जागा, मोकळी होतात. अशा पानावर अगदी मंद मापन-प्रकाश टाकून घेतलेली चमक म्हणजे एफ-शून्य. लगेच एक प्रखर झोत टाकला की सगळी केंद्रं क्षणभर भरून जातात, रासायनिक वाट बंद होते आणि चमक कमाल पातळीला जाते, ती एफ-एम. दोन्हींतला फरक म्हणजे एफ-व्ही.

एफ-व्ही/एफ-एम = (एफ-एम − एफ-शून्य) ÷ एफ-एम

हे गुणोत्तर फोटोसिस्टिम-२ ची कमाल कार्यक्षमता सांगतं. दिव्याचा उजेड पानावर कमी-जास्त पडला असेल तर अंश आणि छेद दोन्ही त्याच पटीत बदलतात आणि फरक आपोआप कटतो. कॅमेऱ्याने मोजायला हे गुणोत्तर इतकं सोयीचं आहे ते यामुळेच.

उजेडात चालू असलेल्या पानावर हेच करायचं तर स्थिर चमक म्हणजे एफ-एस आणि झोतातली कमाल म्हणजे एफ-एम-डॅश. त्यावरून दोन आकडे निघतात. चालू कार्यक्षमता = (एफ-एम-डॅश − एफ-एस) ÷ एफ-एम-डॅश; हे सूत्र जेंटी आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलं. दुसरा आकडा एनपीक्यू = (एफ-एम − एफ-एम-डॅश) ÷ एफ-एम-डॅश. उष्णतेची वाट किती रुंदावली आहे हे त्यातून कळतं.

आकडा किती आला म्हणजे पान निरोगी?

ब्यॉर्कमन आणि डेमिग यांनी १९८७ मध्ये अनेक जातींच्या निरोगी पानांवर मोजलेली सरासरी ०.८३२ होती. व्यवहारात ०.७९ ते ०.८४ मध्ये आलेलं पान ठीक मानावं. मका, ऊस यांसारख्या सी-४ वनस्पतींत आकडा मुळातच थोडा कमी, ०.७८ च्या आसपास येतो. त्यांच्या पानात फोटोसिस्टिम-१ ची, म्हणजे प्रकाश पकडणाऱ्या दुसऱ्या संचाची, चमक एफ-शून्यमध्ये जास्त मिसळते, तो ताण नसतो.

०.७५ च्या खाली गेलं की कारण शोधायला लागावं. ०.६ च्या खाली गेलं आणि रात्रभर अंधारात राहूनही वर आलं नाही, तर नुकसान झालंय. मात्र उन्हातल्या पानाचा दुपारी मोजलेला ०.७ हा आकडा पहाटे ०.८२ झालेला असू शकतो. म्हणून प्रकाशताणासाठी एकच मोजणी शक्य असेल तर ती पहाटे, उजाडायच्या आत करावी.

आकडा घसरला तर एफ-शून्य आणि एफ-एम वेगवेगळे उघडून बघा. दोन्ही खाली आले असतील तर पान अजून संरक्षणाच्या पवित्र्यात आहे. एफ-एम खाली आणि एफ-शून्य वर असेल तर केंद्रंच बिघडल्याचा संशय घ्यावा. नुसतं गुणोत्तर छापून एफ-शून्य फेकून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ती माहिती फुकट हातात असते, ती टाकू नये.

पान अंधारात किती वेळ ठेवायचं?

सावलीत वाढलेल्या पानाला २० मिनिटं पुरतात, उन्हातल्या पानाला ३०. तीव्र प्रकाशताण दिल्यावर मात्र ३० मिनिटांत पूर्ण सावरणं होत नाही, आणि नेमकं तेच मोजायचं असतं. म्हणून वेळ कितीही निवडा, सगळ्या पानांना तीच द्या. एका पानाला २० आणि दुसऱ्याला ४५ मिनिटं दिली तर चित्रातला फरक ताणाचा की थांबण्याचा, ते कळणार नाही.

काम करताना डोळ्यांना दिसावं म्हणून मंद हिरवा दिवा वापरतात. तो पानाला अदृश्य असतो हा समज चुकीचा आहे, हिरवा प्रकाशही पान शोषतं. १ मायक्रोमोलच्या खाली आणि काही सेकंदच वापरावा.

प्रखर झोत किती प्रखर लागतो?

०.५ ते १ सेकंद, आणि ३००० ते ६००० मायक्रोमोल. अंधारातल्या पानाला ३००० पुरतात. भर उजेडात काम करणाऱ्या, उन्हाला सरावलेल्या पानाला ६००० ही कधीकधी अपुरे पडतात.

हे वॅटमध्ये किती होतं ते आधी काढून बघा, कारण घरगुती जुळणी बहुतेक वेळा इथेच फसते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात दर चौरस मीटरला १ वॅट म्हणजे सुमारे ३.७६ मायक्रोमोल. ४००० मायक्रोमोलसाठी दर चौरस मीटरला साधारण १०६० वॅट प्रकाश हवा. १० बाय १० सेंटिमीटर क्षेत्रावर तो १०.६ वॅट होतो. एलईडी विजेच्या निम्म्याचाच प्रकाश करतो आणि त्यातला निम्माच नेमका पानावर पडतो असं धरलं, तर ४० वॅटच्या पुढे विजेची सोय लागते. एक सेकंदासाठीच असल्याने मोठा हीटसिंक लागत नाही, पण पॉवर सप्लायचा व्होल्टेज झोताच्या मध्येच कोसळता कामा नये. मोठा कपॅसिटर लावून हे सांभाळता येतं.

झोत पुरेसा आहे हे कसं ओळखायचं?

झोत चालू असताना एकच फ्रेम घेऊ नका, २० ते ५० मिलिसेकंदांच्या अंतराने मालिका घ्या. चमक चढून सपाट झाली तर झोत पुरेसा. शेवटच्या फ्रेमपर्यंत चढतच राहिली तर कमी पडतोय. शिखर लवकर येऊन मग उतरायला लागलं तर झोत गरजेपेक्षा लांब आहे. शिखराच्या आजूबाजूच्या दोन-तीन फ्रेमची सरासरी घ्या.

दुसरी कसोटी : झोताची ताकद २५ टक्क्यांनी कमी करून दुसऱ्या सारख्याच पानावर मोजा. एफ-व्ही/एफ-एम तेवढाच आला तर हाताशी वाव आहे. चित्राच्या कडेला आकडा पडतो आणि मध्यभागी नाही, असं दिसलं तर तो पानाचा दोष नव्हे, कडेला झोत पोचत नाहीये. पान फिरवून ठेवा. ‘ताण’ जागेवरच राहिला तर तो दिव्याचा आहे.

रसायनाची सोय असेल तर पानाची चकती डाययुरॉनच्या २० ते ५० मायक्रोमोलर द्रावणात अंधारात भिजवून बघता येते. ते फोटोसिस्टिम-२ पासून पुढे जाणारा इलेक्ट्रॉनांचा मार्गच अडवतं, त्यामुळे मध्यम उजेडातही चमक एफ-एमला पोचते. हे तणनाशक आहे. हातमोजे घाला आणि द्रावण मोरीत ओतू नका.

दिवे आणि फिल्टर कोणते घ्यायचे?

उत्तेजनासाठी ४५० ते ४७० नॅनोमीटरचे निळे एलईडी, कॅमेऱ्यापुढे ६६५ किंवा ६८० च्या वरचाच प्रकाश सोडणारा लाँगपास फिल्टर. सुरुवातीला हीच जोडी घ्यावी, कारण दोन्हींच्या मध्ये २०० नॅनोमीटरचं मोकळं अंतर राहतं. लाल एलईडी प्रकाशसंश्लेषणाला छान चालतात, पण त्यांची शेपटी ६८५ च्या शिखरावर चढते. मग फिल्टर ७०० च्या पुढे न्यावा लागतो. निळ्याला दोन मर्यादा आहेत. तो पानाच्या वरच्या थरातच शोषला जातो, म्हणून चित्र वरच्या पेशींचं असतं. आणि तीव्र निळ्या प्रकाशात हरितलवकं पेशीच्या बाजूच्या भिंतींकडे सरकतात, त्याने चमक बदलते.

पांढरा एलईडी उत्तेजनाला वापरू नये. त्याच्या फॉस्फरचा उजेड ७०० नॅनोमीटरच्या पुढेपर्यंत जातो आणि फिल्टरमधून सरळ आत येतो. निळ्या एलईडीवरही शॉर्टपास फिल्टर लावलेला बरा.

गळती तपासायला पानाच्या जागी मॅट काळा आणि मॅट ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवून त्याच सेटिंगने फोटो घ्या. ॲल्युमिनियम दिसला तर उत्तेजनाचा प्रकाश गळतोय. पांढरा कागद या चाचणीला नको, त्यातले चकाकी आणणारे पदार्थ स्वतःच चमकतात. बरेचसे प्लॅस्टिक आणि कुंडीतलं हिरवं शेवाळही चमकतं. खतमातीवर बसलेल्या शेवाळाला पान समजून मोजण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो.

मोबाइलचा कॅमेरा चालेल का?

वर्गात दाखवायला चालेल, मोजायला नाही. मोबाइलच्या सेन्सरपुढे अवरक्त अडवणारा फिल्टर असतो, तो नेमका आपल्या कामाचा लाल उजेड बराचसा खातो. उरलेल्यावर फोन स्वतःच्या मर्जीने एक्स्पोजर, गॅमा आणि सफाई लावतो.

मोनोक्रोम सेन्सरचा मशीन-व्हिजन कॅमेरा घ्यावा किंवा अवरक्त फिल्टर नसलेला साधा बोर्ड कॅमेरा. रास्पबेरी पायचा ‘नोआयआर’ कॅमेरा अनेक जण वापरतात. तो रंगीत सेन्सर असल्याने कच्च्या फाइलमधले फक्त लाल पिक्सेल घ्यावे. रोलिंग शटर असेल तर झोत पूर्ण फ्रेमपेक्षा लांब ठेवा, नाहीतर चित्रात आडवे पट्टे येतात.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये काय जपायचं?

ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. गॅमा १. फाइल कच्ची, १२ बिट, जेपीईजी नको.

निरोगी पानात एफ-एम हा एफ-शून्यच्या जवळजवळ सहापट असतो. म्हणजे एफ-शून्यचं चित्र पूर्ण पल्ल्याच्या १२ टक्क्यांवर बसवलं तरच एफ-एम ७० टक्क्यांपर्यंत जाऊन फाटत नाही. एफ-शून्य ‘छान उजळ’ दिसावा म्हणून एक्स्पोजर वाढवलं की एफ-एम पांढरा होतो आणि गुणोत्तर खोटं कमी येतं.

डार्क फ्रेम, म्हणजे सगळे दिवे बंद ठेवून घेतलेली फ्रेम, वजा करणं सक्तीचं. दिव्याचा असमानपणा गुणोत्तरात कटतो, पण ही भर कटत नाही. उदाहरणार्थ ८ बिट चित्रात खरा एफ-शून्य ४० आणि एफ-एम २३५ आहे, गुणोत्तर ०.८३. दोन्हींत १० ची भर राहिली तर ५० आणि २४५ होतात आणि गुणोत्तर ०.८०. नुसत्या दहा काउंटने निरोगी पान किंचित आजारी दिसलं.

मापन-प्रकाश आणि झोत यांच्या तीव्रता हजारो पटींनी वेगळ्या असतात. मग दोन्ही चित्रांची तुलना कशी करायची?

हा प्रश्न विचारणारा पुढे चुकत नाही. न विचारणाऱ्यांचे आकडे बहुतेक निरर्थक असतात. चमक दिव्याच्या प्रमाणात वाढते, म्हणून ०.५ मायक्रोमोलखाली घेतलेलं एफ-शून्य आणि ४००० खाली घेतलेलं एफ-एम थेट भागून चालत नाही.

पॅम पद्धतीची, म्हणजे मापन-प्रकाश ठरावीक ठोक्यांनी टाकून मोजणारी, उपकरणं हे असं सोडवतात : झोत चालू असतानाही तोच ठरावीक मापन-फ्लॅश काही मायक्रोसेकंदांसाठी टाकायचा, एक फ्रेम फ्लॅशसह आणि एक फ्लॅशविना घ्यायची, वजाबाकी करायची. उरतो तो फक्त मापन-फ्लॅशमुळे आलेला उजेड, आणि तो सगळ्या टप्प्यांत तुलनीय असतो.

साध्या जुळणीत इतका वेगवान कॅमेरा नसतो. तिथे चौकटीच्या कोपऱ्यात लाल चमकणारा, स्थिर असा घन प्लॅस्टिकचा तुकडा कायम ठेवावा. त्याची चमक दिव्याच्या सरळ प्रमाणात बदलते, ‘भरून’ जात नाही. प्रत्येक चित्रात पानाचा आकडा तुकड्याच्या आकड्याने भागला की दिवा आणि एक्स्पोजर दोन्हींचा हिशेब मिटतो. तुकडा खरंच सरळ प्रमाणात वागतो का, हे दिव्याच्या पाच-सहा पातळ्यांवर आधी तपासून घ्या. तो तापला की चमक घटते, म्हणून दिव्याला चिकटून ठेवू नका.

मापन-प्रकाश जास्त झाला तर तोच केंद्रं भरायला लागतो. दहा सेकंदांच्या मालिकेत एफ-शून्य हळूहळू चढताना दिसला तर प्रकाश कमी करा किंवा फ्लॅशमधलं अंतर वाढवा.

एक संपूर्ण मोजणी कोणत्या क्रमाने करायची?

१. पान सपाट, कॅमेऱ्याला काटकोनात, न चमकणाऱ्या जाळीखाली किंवा नायलॉनच्या दोऱ्यांनी दाबून ठेवा. झोताच्या उष्णतेनेही पान हलतं.
२. ३० मिनिटं पूर्ण अंधार.
३. डार्क फ्रेम.
४. मापन-प्रकाशात एफ-शून्यच्या १० फ्रेम, सरासरीसाठी.
५. ०.८ सेकंदाचा झोत, मालिकेने फ्रेम. हा एफ-एम.
६. २ मिनिटं अंधार, म्हणजे झोताचा परिणाम ओसरतो.
७. ॲक्टिनिक प्रकाश, म्हणजे पानाला प्रत्यक्ष काम करायला लावणारा उजेड, चालू करा. सावलीतल्या जातीला १०० ते ३००, उन्हातल्या जातीला ८०० ते १२०० मायक्रोमोल.
८. दर २ मिनिटांनी झोत, १५ ते २० मिनिटं. प्रत्येक झोताच्या आधी एफ-एस, झोतात एफ-एम-डॅश.
९. ॲक्टिनिक बंद. अंधारात १, २, ५, १०, २०, ३० आणि जमल्यास ६० मिनिटांनी झोत.

शेवटचा टप्पा कंटाळवाणा असतो म्हणून लोक गाळतात, आणि प्रकाशताणाचं उत्तर मात्र तिथेच मिळतं.

पान स्वतःला वाचवतंय की खरंच बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

अंधारात एफ-एम-डॅश किती वेगाने परत चढतो ते बघून.

पहिल्या दोन ते पाच मिनिटांत परत आलेला भाग म्हणजे चटकन चालू-बंद होणारं संरक्षण. थायलाकॉइडच्या, म्हणजे हरितलवकातल्या पडद्याच्या पिशव्यांच्या, आत आम्लता वाढते, पीएसबीएस नावाचं प्रथिन ती ओळखतं आणि उष्णतेची वाट उघडते. उजेड गेला, आम्लता उतरली, वाट बंद. साधारण १० ते ३० मिनिटांत परत येणारा भाग झिॲझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याशी निगडित असतो. तीव्र प्रकाशात व्हायोलॅझँथिनपासून ते बनतं आणि अंधारात हळूहळू परत बदलतं. तासाभरानेही न परतलेला भाग प्रकाशरोधाचा, म्हणजे फोटोइनहिबिशनचा धरतात. फोटोसिस्टिम-२ मधलं डी-१ प्रथिन खराब झालेलं असतं आणि ते काढून नवं बसवायला तास लागतात.

या सीमारेषा काटेकोर नाहीत. थंडीत झिॲझँथिन तासन् तास टिकतं आणि नुकसान झाल्यासारखं दिसतं. शंका असेल तर पान मंद उजेडात, २० ते ३० मायक्रोमोलमध्ये, काही तास ठेवून परत मोजा. डी-१ ची दुरुस्ती पूर्ण अंधारापेक्षा मंद उजेडात चांगली होते.

एनपीक्यू जास्त येणं हा आजार नव्हे. उन्हाला सरावलेल्या पानात तो २ ते ३ सहज जातो. भर उजेडात तो अजिबात न वाढणं ही जास्त काळजीची गोष्ट. याच निकषावर, रोपांच्या ताटव्यांचं व्हिडिओ इमेजिंग करून, नियोगी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या रोपाचे संरक्षण नीट न चालणारे उत्परिवर्ती प्रकार वेगळे काढले. त्यातल्या एकावरून २००० मध्ये पीएसबीएसची भूमिका उलगडली.

एनपीक्यू उणे आला. गणित चुकलं का?

गणित नाही, सुरुवातीचं एफ-एम चुकलं. पान पुरेसं अंधारात नव्हतं, झोत अपुरा होता किंवा पान मधल्या काळात हललं. किंचित उणे आकडा मंद उजेडात खरा असू शकतो, कारण हरितलवकं आणि प्रकाश गोळा करणारी प्रथिनं आपली जागा बदलतात. उणे ०.३ मात्र खरा नसतो.

जुळणी बरोबर चालते का, हे तपासायला सोपा प्रयोग आहे का?

सावलीत, १०० ते १५० मायक्रोमोलमध्ये वाढलेलं रुंद पान घ्या. देठ पाण्याखाली कापा आणि पाण्यातच ठेवा. अर्ध्या पानावर दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. पांढऱ्या एलईडीखाली १५०० ते २००० मायक्रोमोलमध्ये दोन तास ठेवा. पंखा लावा आणि पान थंड पाण्यावर ठेवलेल्या काचेवर ठेवा. पानाचं तापमान ३० अंशांच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर प्रयोग उष्णतेचा होईल. मग फॉइल काढून ३० मिनिटं अंधार आणि एफ-व्ही/एफ-एमचं चित्र.

झाकलेला भाग ०.८ च्या आसपास आणि उघडा भाग स्पष्ट खाली, मध्ये फॉइलची धारदार रेघ, असं दिसायला हवं. साध्या डोळ्यांना पान दोन्हीकडे सारखंच हिरवं दिसतं. रेघ पसरट आली तर फॉइल सैल होती किंवा कॅमेऱ्याचा फोकस दृश्य प्रकाशावर लावून ठेवलाय. फिल्टर लावूनच फोकस करावा.

दुरुस्तीचा वाटा बघायचा असेल तर दुसऱ्या पानाला देठातून लिन्कोमायसिन हे प्रतिजैविक शोषू द्या, लिटरला १ ग्रॅम, मंद उजेडात दोन-तीन तास. ते हरितलवकातली प्रथिननिर्मिती थांबवतं. तोच प्रकाश दिल्यावर या पानाचा आकडा बराच जास्त पडतो, कारण एरवी नुकसानाबरोबर दुरुस्तीही चालू असते आणि आपण फक्त शिल्लक बघत असतो.

पानाच्या कडा आणि शिरा नेहमीच वेगळ्या दिसतात. तो ताण आहे का?

बहुतेक वेळा नाही. कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धं पान आणि अर्धी पार्श्वभूमी असते. मास्क, म्हणजे मोजणीसाठी पान म्हणून धरलेला चित्राचा भाग, दोन-तीन पिक्सेलने आत घ्या. दोन चित्रांमध्ये पान एका पिक्सेलने जरी सरकलं तरी एका कडेला उजळ आणि समोरच्या कडेला गडद किनार येते. जाड शिरेवर संकेत कमी म्हणून गोंगाट जास्त. अगदी कोवळ्या पानांत आकडा मुळातच कमी असतो. लालसर पानांत अँथोसायनिन निळा प्रकाश काही प्रमाणात गाळून टाकतं, त्यामुळे संकेत अशक्त होतो.

चित्रावर प्रक्रिया करताना काय पाळावं?

आधी फ्रेमची सरासरी, मग डार्क वजा, मग मास्क, मग भागाकार. मास्क एफ-एमच्या चित्रावरून काढा, कमाल चमकीच्या १० टक्क्यांच्या वर असलेले पिक्सेल घेऊन. गोंगाट जास्त असेल तर भागाकारापूर्वी दोन बाय दोन पिक्सेल एकत्र करा.

रंगपट्टी सगळ्या चित्रांना एकच ठेवा, समजा ०.४ ते ०.८५. सॉफ्टवेअरला स्वतःहून ताणू दिली तर ०.८१ आणि ०.८३ मधला फरकही लाल-निळा दिसतो. नुसती सरासरी देऊ नका. प्रकाशताण ठिपक्याठिपक्यांनी येतो, तेव्हा मध्यक आणि तळाचा १० टक्के पिक्सेलचा आकडा सोबत द्या. सरासरीच हवी असती तर कॅमेऱ्याऐवजी एका बिंदूवर मोजणारं साधं उपकरण पुरलं असतं.

इलेक्ट्रॉन वाहतुकीचा दर, म्हणजे ईटीआर, चित्रातून काढावा का?

सूत्र सोपं आहे : चालू कार्यक्षमता × प्रकाश × ०.८४ × ०.५. यातला ०.८४ म्हणजे पान किती प्रकाश शोषतं याचा अंदाज आणि ०.५ म्हणजे त्यातला निम्मा फोटोसिस्टिम-२ कडे जातो हे गृहीत. पिवळट, लालसर किंवा लवदार पानात दोन्ही चुकतात. एकाच पानाची आधी-नंतर तुलना करायला ठीक. वेगवेगळ्या जातींची रांग लावायला नको.

दुष्काळ, उष्णता, अन्नद्रव्यांची कमतरता यांतून प्रकाशताण वेगळा काढता येतो का?

एका चित्रातून नाही. सौम्य पाणीटंचाईत एफ-व्ही/एफ-एम जवळजवळ हलतच नाही. रंध्रं मिटल्याचा परिणाम आधी चालू कार्यक्षमतेत आणि एनपीक्यूत दिसतो. उष्णतेचा मोठा फटका बसला की एफ-शून्य वर उसळतो. प्रकाशताणात नमुना भूमितीचा असतो : दिव्याकडे तोंड असलेला भाग खाली, दुसऱ्या पानाच्या सावलीतला भाग शाबूत. बुरशी-विषाणूचे डाग शिरांच्या किंवा गोल वाढीच्या नमुन्याने जातात. आणि हे ताण एकमेकांत मिसळतातही, कारण थंडी किंवा तहान लागलेल्या पानाला एरवी पचणारा उजेडही जास्त होतो.

तोडलेलं पान चालेल का?

एफ-व्ही/एफ-एमसाठी, देठ पाण्यात ठेवून तास-दोन तास चालेल. एनपीक्यू आणि चालू कार्यक्षमतेसाठी शक्यतो झाडावरच मोजा, कारण कापल्यावर रंध्रं मिटतात.

प्रकाश मोजायला लक्समीटर पुरेल का?

सूर्यप्रकाशासाठी कामचलाऊ : लक्सला ५४ ने भागा, म्हणजे मायक्रोमोल मिळतात. निळ्या किंवा लाल एलईडीखाली लक्समीटर निरुपयोगी आहे, तो माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्याला झुकतं माप देतो. क्वांटम सेन्सर लागतोच.

हे उघड्या शेतात, उन्हात करता येतं का?

झोताच्या पद्धतीने एकेका पानावर, सावलीची पेटी लावून करता येतं. मोठ्या क्षेत्रावर उन्हाच्या उजेडात फ्लुरोसन्स परावर्तित प्रकाशात बुडून जातो. तिथे ७६० नॅनोमीटरजवळची ऑक्सिजनची शोषणरेषा किंवा सूर्याच्या वर्णपटातल्या फ्राउनहोफर रेषा वापरतात : रेषेच्या जागी सूर्याचा उजेड कमी, म्हणून पानाची चमक तिथे उठून दिसते. गोसॅट उपग्रहाच्या नोंदींवरून २०११ मध्ये अशा चमकीचे पहिले जागतिक नकाशे निघाले. त्यातून एफ-व्ही/एफ-एम मात्र मिळत नाही, कारण अख्ख्या जंगलाला अंधारात बसवून झोत टाकता येत नाही.

डोळ्यांना धोका आहे का?

आहे. काही हजार मायक्रोमोलचा निळा झोत दृष्टिपटलाला इजा करू शकतो, आणि तो जितका प्रखर तितका दिसत नाही, कारण डोळा निळ्याला कमी संवेदनशील आहे. जुळणी बंद पेटीत करा, दार उघडलं की दिव्याची वीज तुटेल असा स्विच बसवा, आणि पेटी उघडी ठेवून चाचणी करायची वेळ आलीच तर निळा प्रकाश अडवणारा नारिंगी चष्मा घाला. साधा काळा गॉगल त्या कामाचा नाही.